‘म्हटलं असेल’: सातपूरच्या एका हस्तलिखिताचं प्रकरण

अण्णांचं हस्तलिखित माझ्याकडे आलं ते सुतळीने बांधलेल्या तीन फुलस्केप वह्यांत. वरच्या वहीवर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, ‘सत्यघटनेवर आधारित कादंबरी’. नाशिकमध्ये गेली चौदा वर्षं मी हस्तलिखितं वाचून दुरुस्त करून देण्याचं काम करते. शीर्षकाखालची ही ओळ किती वेळा पाहिली त्याला गणती नाही, पण ‘आधारित म्हणजे नेमकं किती?’ हे मी एकाही लेखकाला विचारलं नव्हतं. अण्णांनाही विचारलं नाही. त्याचा त्रास ज्यांना झाला त्यांचं हे प्रकरण आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे, म्हणून मी ते लिहितेय.

माणसांची, कारखान्याची, पोलीस ठाण्याची नावं देत नाही. प्रेसचा नंबर, जखमी मुलाचं गाव, सुपरवायझरच्या मुलीची नोकरी आणि स्कूटरचा रंग या खुणा बदलल्या आहेत. काय बदललं तेही सांगून टाकायची सवय मला या प्रकरणानेच लागली.

अपघात

अण्णांनी सातपूर एमआयडीसीत एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग जिथे ठोकले जातात तिथले डाय, म्हणजे साचे, बनवायचे, झिजले की दुरुस्त करायचे. 2015 च्या सप्टेंबरात त्यांच्याच कंपनीत थर्ड शिफ्टला ठेकेदाराकडच्या एका बावीस वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताची तीन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली.

नाशिककरांना ते दिवस आठवत असतील. सिंहस्थ चालू होता. 29 ऑगस्टला पहिलं शाही स्नान झालं, 13 सप्टेंबरला दुसरं. शहरातले पोलीस रामकुंड, तपोवन आणि बाहेरच्या वाहनतळांच्या बंदोबस्तात अडकलेले. अपघात झाला 12 तारखेला पहाटे पावणेचारच्या सुमारास. पंचनामा झाला 14 ला दुपारी. मधल्या अडीच दिवसांत प्रेसचा सेन्सर पुन्हा जोडला गेला होता, त्यामुळे पंचनाम्यात ‘सुरक्षा सेन्सर चालू स्थितीत दिसून आला’ असं लिहिलंय. पंचांनी जे पाहिलं तेच त्यात लिहिलंय.

ज्यांनी प्रेस शॉप पाहिलेलं नाही त्यांना हे थोडं उलगडून सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद एका वायरच्या तुकड्याभोवती फिरतो. कामगार पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवतो, पंच, म्हणजे प्रेसचा वरचा ठोकणारा भाग, खाली येतो, आकार देऊन वर जातो, तयार पीस काढायचा, पुढचा तुकडा ठेवायचा. मिनिटाला पाच-सहा वेळा, पूर्ण शिफ्ट. हात आत असताना पंच खाली येऊ नये म्हणून दोन सोयी असतात. एक म्हणजे दोन बटणं, जी दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक सुटत नाही. दुसरी म्हणजे प्रेसच्या तोंडाशी असलेला उजेडाचा पडदा, लाईट कर्टन. हात त्यातून आत गेला की न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचची प्रेस असेल तिथे थांबते. जुन्या पिन क्लचच्या प्रेसवर याचा उपयोग नाही, तिथे एकदा सुटलेला स्ट्रोक मधे अडवता येत नाही. हा फरक अण्णांनी दोन पानांत असा समजावलाय की मी त्यातली एक मात्राही हलवली नाही.

पडदा तेलाच्या थेंबाने, धुळीने, हादऱ्याने उगाचच ट्रिप होतो. प्रेस थांबते, टार्गेट चुकतं. मग कुणीतरी पॅनेल उघडून वायरचा एक तुकडा लावतं. याला शॉपमध्ये ‘जंपर मारणं’ म्हणतात. त्यानंतरही हात आत गेला की पडद्याचा दिवा लाल होतोच, फक्त प्रेसला ते कळत नाही. त्या प्रेसवर दोन बटणांऐवजी पायाचं पेडलही जोडलेलं होतं, वेग वाढावा म्हणून. म्हणजे त्या मुलाचा हात आणि पंच यांच्या मधे त्या रात्री काहीच नव्हतं.

सातवं प्रकरण

पहिली सहा प्रकरणं मी एका बैठकीत वाचली. अण्णांच्या भाषेला टूलरूमचा वास आहे. डायला बारीक तडा गेला की पीसच्या कडेला केसाएवढी रेघ उमटते, ती नखाने कशी चाचपायची, हे ते असं लिहितात की वाचणाऱ्याचं नख आपसूक कागदावर फिरतं. कथेच्या मधे मधे त्यांनी खरे कागद डकवले होते. स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावरची आठ ओळींची बातमी, फिर्यादीतला मजकूर, पंचनामा.

सातव्या प्रकरणात रात्रीचे अकरा वाजलेत. सुपरवायझर पॅनेल उघडतो आणि हेल्परला म्हणतो, ‘‘मार रे जंपर. सकाळपर्यंत बाराशे पीस पाहिजेत. कुणाची बोटं जात नाहीत.’’ मग तो हसतो, पुडी फोडतो, मोबाईलवर शाही स्नानाचे फोटो बघत बसतो. पहाटे एक किंकाळी शॉपभर घुमते.

प्रसंग जबरदस्त होता. मी समासात ‘उत्तम!’ असं लिहिलं. तो शेरा अजून त्या वहीत आहे.

त्या शेऱ्याच्या आधीच्या पानावर पंचनामा होता, नंतरच्या पानावर बातमी. वाचताना माझ्या मनाने हे तिन्ही एकाच रांगेत बसवले. दोन कागद खरे आहेत, म्हणजे मधलं बोलणंही खरंच असणार. अण्णांनी कुठेही खोटा दावा केला नव्हता, आणि तरी सरकारी शिक्क्याचं वजन त्या संवादाला आपोआप मिळालं होतं. एरवी कल्पित आणि वास्तव एकत्र आणलेल्या पुस्तकांची ताकद इथेच असते. निव्वळ अहवाल वाचून माणूस पान उलटतो, निव्वळ कथा वाचून ‘कथाच आहे’ म्हणतो. दोन्ही एकमेकांत विणलेलं असलं की तो अडकतो. मला अशी पुस्तकं मनापासून आवडतात, आणि कामगारांच्या जगाबद्दल मराठीत ती खूप जास्त हवीत असं वाटतं. म्हणून तर मी भुलले.

मुलगी

सिडकोतल्या आमच्या वाचनकट्ट्यावर अण्णांनी ते प्रकरण वाचलं. पंचवीसेक माणसं होती. निम्मी सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली, काही निवृत्त. सुपरवायझरचं नाव अण्णांनी बदललं होतं, पण त्याची हिरवी स्कूटर ठेवली होती. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, ‘‘अरे, हा तर आपला अमका.’’ सिडको वरून मोठं दिसतं, पण त्यात कंपनीच्या माणसांचं एक छोटं गाव आहे. आठवड्यात ही गोष्ट त्या घरी पोचली.

त्यानंतरच्या रविवारी त्याची मुलगी अण्णांकडे आली. मी योगायोगाने तिथेच होते, वह्यांची दुसरी फेरी चालू होती. ती दारातूनच म्हणाली, ‘‘काका, भांडायला आले नाही.’’ काकूंनी पाणी दिलं. ते तिने हातात घेतलं, पण प्यायली नाही.

‘‘एकच विचारते. बाबांनी तसं म्हटलं होतं का?’’

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. ‘‘म्हटलं असेल.’’

‘‘तुम्ही होतात तिथे?’’

‘‘मी फर्स्ट शिफ्टला असायचो.’’

‘‘मग कुणी सांगितलं?’’

‘‘सांगायला कशाला पाहिजे, बाळा? एकतीस वर्षं ऐकलंय मी. सुपरवायझर असेच बोलतात.’’

त्या ‘असेल’पाशी मी खाली बघितलं. एकतीस वर्षांचा अनुभव खरा होता. सुपरवायझर तसं बोलतात हेही खरं. फक्त, त्या रात्री हा माणूस तसं बोलला, याचा अण्णांकडे कसलाही आधार नव्हता. एका जातीच्या माणसांबद्दलचं किंवा एका पदावरच्या माणसांबद्दलचं सर्वसाधारण सत्य उचलून ते एका ओळखू येणाऱ्या माणसाच्या तोंडात घातलं की काय होतं, ते समोर बसलं होतं, हातात पाण्याचा पेला घेऊन.

तिने पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली. दोषारोपपत्राची नक्कल. अपघातानंतर गुन्हा सुपरवायझरवर दाखल झाला होता, यंत्राबाबत निष्काळजीपणा आणि जबर दुखापत, भारतीय दंड संहितेची कलमं 287 आणि 338. आरोपीला दोषारोपपत्राच्या प्रती फुकट द्याव्या लागतात, त्यामुळे कागद घरी होते. 2020 मध्ये संशयाचा फायदा देऊन कोर्टाने त्याला सोडलं होतं. अण्णांनी दोन वर्षं पुस्तकावर काम केलं, कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपऱ्या पालथ्या घातल्या, पण चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाचं दार वाजवलं नव्हतं. मीही सुचवलं नव्हतं.

फाईलमध्ये शिफ्टच्या लॉगबुकाची झेरॉक्स होती. अक्षर सुपरवायझरचं. 19 ऑगस्टला, ‘प्रेस नं. 4 कर्टन ट्रिप होतो, मेंटेनन्सला कळवले.’ 22 ला तेच पुन्हा. 26 ला, ‘मेंटेनन्सने तात्पुरता जंपर दिला. पार्टची मागणी दिली आहे. उत्पादन चालू.’ खाली त्याची सही, त्याखाली दुसऱ्या कुणाची तरी आडवी आद्याक्षरं, पाहिल्याची.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तीन नोंदी बोट फिरवत पुन्हा वाचल्या. ‘‘जंपर अकरा तारखेचा नाही,’’ ते म्हणाले. ‘‘सव्वीसचा आहे. सोळा रात्री चालवलीय प्रेस अशी.’’

कागदाने काय बदललं

मुलीने तो कागद वडिलांना वाचवायला आणला होता. त्याने त्यांना अर्धंच वाचवलं. पॅनेल त्यांनी उघडलं नव्हतं, ते हसले नव्हते, कुणाच्या बोटांची थट्टा केली नव्हती. पण सोळा रात्री त्यांना माहीत होतं. तिलाही हे तिथेच उमगलं असावं, कारण फाईल तिने लगेच बंद केली नाही.

कादंबरीच्या दृष्टीने पाहिलं तर ही उलथापालथ होती. अण्णांच्या सातव्या प्रकरणात गुन्हा एका रात्रीत, एका माणसाच्या एका वाक्यात घडत होता. कागदांत तो तीन आठवडे घडत होता, आणि तोही सह्यांसकट. सुट्या भागाची मागणी कुणीतरी रोखून धरली होती. दुरुस्तीसाठी प्रेस बंद ठेवायची नाही असं कुणीतरी ठरवलं होतं. तेव्हा लागू असलेल्या कारखाने कायदा, 1948 चं कलम 21 धोकादायक यंत्रभाग झाकलेले, संरक्षित ठेवायला सांगत होतं, आणि कलम 92 त्याची जबाबदारी टाकत होतं भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा ताबा असणाऱ्यावर, आणि व्यवस्थापकावर. सुपरवायझरचं तिथे नावसुद्धा नव्हतं. या कायद्याखालची केस वेगळी चालली. व्यवस्थापकाने गुन्हा कबूल केला, दंड भरला, संपलं. या कायद्यात गंभीर इजेसाठी दंडाची खालची मर्यादा 5,000 रुपये होती, मृत्यूसाठी 25,000. शिक्षेची वरची मर्यादा दोन वर्षं कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही.

म्हणजे पोलीस केस खालच्या माणसावर, कबुली आणि दंड वरच्याचा. अण्णांना कारखानदारीवर लिहायचं होतं, आणि त्यांच्या कल्पनेने नेमका तोच माणूस गुन्हेगार ठरवला जो व्यवस्थेने आधीच पुढे केला होता. माझ्या मते त्या प्रकरणाचा हा सगळ्यात मोठा दोष, बदनामीपेक्षाही मोठा. पुडी फोडणारा, हसणारा खलनायक मिळाला की वाचक सुटकेचा श्वास टाकतो, आणि आडव्या आद्याक्षरांकडे कुणी बघत नाही.

दुसरी गोष्ट तिने जाता जाता सांगितली. अण्णांच्या नवव्या प्रकरणात ‘कंपनीने हात झटकले, पोराला दमडी मिळाली नाही’ असं होतं. मुलाचं ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड होतं. तीन बोटं गेल्यास कमावण्याची क्षमता 30 टक्के गेली असं कायद्याचं परिशिष्ट धरतं, आणि सरासरी मजुरीच्या 90 टक्क्यांवर तेवढा हिस्सा आयुष्यभर दरमहा मिळतो. म्हणजे मजुरीच्या साधारण 27 टक्के. उजव्या हाताच्या तीन बोटांना ही रक्कम थोडी वाटते की पुरेशी, हे वाचकाने ठरवावं. पण ‘दमडी नाही’ हे खोटं होतं. अण्णांना पेन्शन माहीत होतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘ते घातलं की दुःख कमी होतं ना, ताई.’’

मधे थोडं इतरांबद्दल

पुढचे पंधरा दिवस आम्ही वह्यांना हात लावला नाही. मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसत होते. 1840 पासून चालत आलेली ही संस्था नाशिकचं एक मोठं भाग्य आहे, आणि अडलं की मी तिथेच जाते.

अशा लिखाणाचा जगभर दाखला म्हणून ज्याचं नाव घेतात ते ट्रुमन कपोटीचं ‘इन कोल्ड ब्लड’ 1966 मध्ये पुस्तकरूपाने आलं. कॅन्ससमधल्या एका घरातल्या चौघांच्या 1959 मधल्या खुनाची ती हकिगत. सगळं खरं आहे असं लेखक सांगत राहिला, आणि शेवटचा कबरस्तानातला भेटीचा प्रसंग घडलाच नव्हता, हे पुढे उघड झालं. तो दोष लेबलाचा होता. त्या बनावट भेटीत कुणावर नवा आरोप मात्र येत नव्हता. अण्णांच्या प्रसंगात येत होता.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त उपयोगी पडलं. 1981 मध्ये एका इंग्रजी दैनिकाच्या पत्रकाराने, बायकांची खरेदी-विक्री उघड करण्यासाठी, एक बाई विकत घेतली आणि बातमी छापली. विजय तेंडुलकरांनी त्यावरून ‘कमला’ हे नाटक लिहिलं. खरेदी ही घडलेली गोष्ट, ती त्यांनी तशीच ठेवली. कल्पना वापरली ती पत्रकाराच्या घरात, त्याच्या बायकोच्या मनात, जिथे बातमी पोचूच शकत नव्हती. पुढे या विषयावरच्या चित्रपटावरून खटला झाला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने, घडलेल्या घटनेवर कुणाचा कॉपीराइट असू शकत नाही, असं म्हटलं.

आणि बाबूराव बागूल तर आपल्या विहितगावचे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ 1963 साली आलं. त्यांच्या कथांत डकवलेला एकही कागद नाही, त्यांना तो लागतही नाही. वाचक एका अमक्या माणसाकडे बोट दाखवत उठत नाही, तो सबंध समाजाकडे बघू लागतो. अण्णांनाही हा रस्ता मोकळा होता. पंचनामा, बातमी, स्कूटर काढून टाकायची आणि शुद्ध कथा लिहायची. मी तसं सुचवलं. ते म्हणाले, ‘‘कागद काढले तर लोक म्हणतील म्हाताऱ्याने रचलं. कागद राहणार.’’ मला ते पटलं.

कायद्याचंही बघून घेतलं. 1994 च्या राजगोपाल निकालात, ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्रावरून, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्टाच्या दप्तरासारख्या सार्वजनिक नोंदींत जे आहे ते छापायला संमती लागत नाही. त्यापलीकडचं कुणाचं खासगी आयुष्य संमतीशिवाय छापलं तर जबाबदारी छापणाऱ्याची. बदनामीसाठी नाव घ्यावंच लागतं असं नाही, माणूस ओळखता आला तरी पुरतं. तेव्हा ते दंड संहितेचं कलम 499 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 356. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ अशा वेळी फारशी कामाला येत नाही, विशेषतः मागच्या पानावर खरा पंचनामा असताना.

तीन पेन्सिली

मग आम्ही कामाला लागलो. तीन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. कागदात आहे त्याखाली निळी रेघ, कुणी सांगितलंय त्याखाली हिरवी, अण्णांनी योजलंय त्याखाली लाल. हे काम कंटाळवाणं आणि अपमानास्पदही होतं, निदान सुरुवातीला. ‘‘परीक्षेला बसवलंयस मला,’’ असं अण्णा दोनदा म्हणाले. सातवं प्रकरण जवळजवळ लालच निघालं. गंमत अशी की सहाव्यातलंही बरंच लाल होतं आणि त्यात काहीच बिघडत नव्हतं. रात्रपाळीला निघताना त्या मुलाने आईच्या हातच्या भाकरीचा डबा सायकलला कसा अडकवला, त्र्यंबक रोडला भाविकांच्या बसमागून तो कसा जात होता, यात कुणावर काही येत नव्हतं.

तिथे आम्हाला रेघ सापडली. कागद जिथे गप्प आहेत तिथे कल्पनेने खुशाल शिरावं, पण दोष कुणाचा हे जिथे ठरतं त्या जागी एकही लाल वाक्य नको. प्रेस किती वाजता सुरू झाली, पॅनेल कुणी उघडलं, कोण काय म्हणालं, हे निळं किंवा हिरवं नसेल तर लिहायचं नाही. त्या जागी अण्णांनी लॉगबुकाच्या तीन नोंदी जशाच्या तशा ठेवल्या, प्रत्येकीला एक पान. तिसऱ्या पानावर आडवी आद्याक्षरं आहेत आणि खाली अण्णांचं एक वाक्य: ‘ही सही कुणाची, हे मला माहीत आहे, ती व्यक्ती माझ्याशी बोलली नाही.’ त्यानंतरचं सगळं कल्पित ‘मला दिसतं ते असं’ या शब्दांनी सुरू होतं. वाचकाला पायरी बदलल्याचं कळतं, आणि मला वाटलं होतं तसा कथेचा जोर त्याने ओसरला नाही. उलट वाढला.

स्कूटर गेली. वहीवरची ‘सत्यघटनेवर आधारित’ ही ओळ गेली. तिच्या जागी प्रस्तावनेत दीड पान आहे, काय खरं, काय ऐकीव, काय आपलं.

सुपरवायझर शेवटी एकदा भेटला. मुलीनेच घडवून आणलं, तिच्याच घरी. अण्णांनी आधी माफी मागितली. ती सरळ होती, लांबड न लावता. माणूस खुर्चीच्या कडेला बसला होता आणि बराच वेळ फक्त प्रेसबद्दल बोलला, कुठला क्लच, किती टनाची, कधी घेतली. अण्णा त्यात रमले. मग मधेच तो म्हणाला, ‘‘मी लिहिलं होतं. लिहिलं म्हणजे माझं झालं, असं वाटलं मला.’’ हे वाक्य हिरव्या रेघेने, त्याच्या परवानगीने, पुस्तकात आहे. सातव्या प्रकरणाचं पहिलं रूप लिहिणाऱ्याला हे सुचलं नसतं, आणि हसणाऱ्या सुपरवायझरपेक्षा मला याची जास्त भीती वाटते.

नाव

एक गाठ अजून सुटलेली नाही. मुलाच्या आईला पुस्तकात मुलाचं खरं नाव हवंय. ‘‘पेपरात नाव नव्हतं, नुसतं ‘एक कामगार जखमी’ होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता तरी छापा. माझं पोरगं नुसतं एक कामगार नाही.’’ मुलाने आता तिशी ओलांडलीय, लासलगाव भागात काम करतो, लग्न झालंय. त्याला नाव नकोय. बायकोच्या माहेरच्यांना त्याने वेगळं कारण सांगितलेलं आहे. कायद्याने घटना कुणाच्या मालकीची नाही म्हटलं, तरी हात त्याचा आहे, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. अण्णा आईच्या बाजूने आहेत. सध्या नावाच्या जागी एकही नाव नाही, फक्त ‘तो’. आईला हे मान्य नाही, आणि त्यांच्यापुढे बोलायला मला शब्द सुचत नाहीत.

मुलाने सुधारलेलं प्रकरण मात्र वाचलं. अण्णा स्वतः एसटीने जाऊन वही देऊन आले होते. तो डाव्या हाताने लिहायला शिकलाय, अक्षर मोठं आणि सुटं आहे. अख्ख्या प्रकरणात त्याने एकच दुरुस्ती केली. आमच्या तीन पेन्सिलींतून ती जागा निसटली होती, कारण अपघातात माणूस ओरडतोच, ते कुणाला विचारावं असं आम्हाला वाटलंच नव्हतं. किंकाळी शॉपभर घुमली, या ओळीवर त्याने रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं:

‘मी ओरडलो नाही. आधी डाव्या हाताने लाल बटण दाबून मशीन बंद केलं. पलीकडे हेल्पर पत्रा उचलत होता.’